हौस आणि खाडा : 'झुंड'मधील पाचशे रुपयांच्या निमित्ताने

नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. तेव्हापासून त्याविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे. हिंदी पडद्यावर बाबासाहेबांची जयंती इतक्या उघडपणे साजरी होते आणि अमिताभ बच्चन यांच्यासारखा नट बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडून उभा राहतो, याचे आपल्याकडे मनापासून स्वागत झाले. दुसरीकडे, वस्तीचा तारणहार याही वेळी भिंतीच्या त्या बाजूनेच का यावा लागतो, असा प्रश्नही काहींनी विचारला. दोन्ही मतांना आपापले वजन आहे. मी येथे त्या वादात शिरणार नाही. मला लिहायचे आहे ते या चित्रपटातल्या पाचशे रुपयांविषयी. त्या पाचशे रुपयांचा प्रश्न चित्रपटात पुरता सुटलेला नाही, आणि तो आपल्या कॉलेजांच्या मैदानांवरही सुटलेला नाही, असे माझे म्हणणे आहे.

१

कथा वाचकांना ठाऊक असेलच. विजय बोराडे हे नागपुरातल्या एका कॉलेजातले, निवृत्तीला आलेले क्रीडाशिक्षक. कॉलेजच्या भिंतीला लागून झोपडपट्टी. भर पावसात तिथली पोरे प्लॅस्टिकचा डबा लाथाडत खेळताना बोराडे सरांना दिसतात. मग ते फुटबॉल घेऊन वस्तीत जातात आणि अर्धा तास खेळलात तर पाचशे रुपये देईन म्हणून सांगतात. पोरे खेळतात, पैसे घेतात, निघून जातात. असे काही दिवस चालते. पुढे पैसे बंद होतात, आणि तोवर खेळाची गोडी लागलेली पोरे पैशाशिवायही खेळायला मागतात. या पात्रामागे विजय बारसे हे खरे गृहस्थ आहेत. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात ते क्रीडाशिक्षक होते. २००१ पासून त्यांनी झोपडपट्टी फुटबॉलच्या स्पर्धा भरविल्या, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कामामुळे नागपूरच्या वस्त्यांतली मुले बेघरांच्या विश्वचषकापर्यंत जाऊन पोहोचली. त्यांच्या कामाविषयी माझ्या मनात आदरच आहे. माझा प्रश्न चित्रपटाने त्या कामाला दिलेल्या अर्थाविषयी आहे.

पैसे बंद झाल्यावरही पोरे खेळायला उभी राहतात, हा चित्रपटातला नैतिक उन्नतीचा क्षण म्हणून येतो. पाचशे रुपये हे केवळ आमिष होते, खरे मोल खेळाचे होते, आणि ते आता पोरांना कळले, असा त्याचा भाव आहे. प्रेक्षकही त्या क्षणी सुखावतो. पोरे पैशासाठी खेळत नाहीत म्हणजे ती 'सुधारली', असा त्याचा समज होतो.

मी हा चित्रपट परभणीत माझ्या काही विद्यार्थ्यांबरोबर पाहिला. परत येताना एकाने विचारले, "सर, पैसे बंद झाले त्या दिवशी त्यांच्या घरी काय शिजलं असंल?" बाकीची पोरे हसली. तोही हसला. पण मला उत्तर देता आले नाही. चित्रपटानेही ते दिलेले नाही. जी पोरे काल-परवापर्यंत चोऱ्यामाऱ्या करून दिवस काढीत होती, त्यांच्या दिवसातला अर्धा तास आता मैदानावर जातो. त्या अर्ध्या तासाची भरपाई कोण करतो? हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला चित्रपट कळला नव्हता असे कोणी म्हणेल. मला वाटते, त्याला तो आपल्या समीक्षकांपेक्षा अधिक कळला होता.

२

मराठीत पैसे न घेता खेळणाऱ्याला 'हौशी' म्हणतात. पैसे घेणारा तो 'धंदेवाईक'. अलीकडे जरा सभ्यपणे 'व्यावसायिक' म्हणतात. या जोडीतला एक शब्द स्तुतीचा आणि दुसरा निंदेचा का, याचा विचार आपण सहसा करीत नाही. 'हौस' हा शब्द 'हवस' या फारसीतून आलेल्या शब्दावरून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ इच्छा, वासना. मराठीत येऊन तो मवाळ झाला, सणावाराला शोभू लागला. 'हौसेला मोल नाही' अशी म्हण झाली. ही म्हण कोणाच्या घरात जन्मली असेल? ज्या घरात लुगड्याचे, पेंडीचे, भाकरीचे मोल रोज करावे लागते, त्या घरात हौसेला मोल नाही असे कोणी म्हणणार नाही. त्या घरात हौसेचे मोल अगदी आण्यापैशांत सांगता येते. त्याला आमच्याकडे 'खाडा' म्हणतात. कामावर गेला नाहीत, एक खाडा. त्या दिवसाचा रोज बुडाला. एवढा सरळ हिशोब.

मी घरातला पहिला पदवीधर. शाळेत असताना कबड्डीच्या सरावाला थांबलो की आईच्या हाताखालचा एक हात कमी होई. कापसाची वेचणी किलोवर असते. संध्याकाळी ताजव्यात गाठोडे चढले की माझी कबड्डी किती किलोला पडली ते घरातल्या सर्वांना दिसे. आई मला कधी बोलली नाही. पण त्यामुळे मला खेळाचा निर्मळ आनंद म्हणजे काय ते कधी नीट कळले नाही, हेही खरे. माझ्या प्रत्येक चढाईमागे खाडा होता.

हा भेद केवळ खेळापुरता नाही. आपल्या वाङ्मयीन आणि सांस्कृतिक व्यवहारातही तो खोलवर मुरलेला आहे. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेच्या नावात 'हौशी' हा शब्द मानाने मिरवतो. बँकेतून, कचेरीतून सुटून संध्याकाळी तालीम करणारा तो हौशी कलावंत, रंगभूमीचा निष्ठावान सेवक. आणि सुपारी घेऊन गावोगाव फड घेऊन हिंडणारा, पोटासाठी रात्रभर उभा राहणारा तमासगीर मात्र 'नाच्या', 'सोंगाड्या'. दोघांचीही कलाच, पण एकाचे पोट दुसरीकडे भरलेले आहे आणि दुसऱ्याचे पोट कलेवर आहे. ज्याचे पोट आधीच भरलेले आहे त्याची कला शुद्ध, आणि ज्याला कलेतून पोट भरावे लागते त्याची बाजारू, हा निकष सौंदर्यशास्त्राचा नाही. तो वर्णव्यवस्थेचा निकष आहे. शुद्ध-अशुद्धतेची जी भाषा पाणवठ्यावर होती, तीच येथे रंगमंचावर आणि मैदानावर आली आहे.

३

हे आपल्याकडेच घडले असे मात्र नाही. ज्या इंग्रजांकडून आपण फुटबॉल आणि क्रिकेट घेतले, त्यांनी हा भेद नियमावलीतच लिहून ठेवला होता. हेन्ली येथील नौका-शर्यतीच्या चालकांनी १८७९ मध्ये 'ॲमॅच्युअर' कोण याची व्याख्या केली. शर्यतीतून पैसे न मिळविणारा, एवढीच ती व्याख्या नव्हती. जो कारागीर, यांत्रिक किंवा मजूर म्हणून रोजीवर काम करतो, तो ॲमॅच्युअर होऊच शकत नाही, असे त्यात होते. म्हणजे वल्हे मारण्याचे पैसे घेतले नाहीत तरी चालणार नाही. हाताने काम करून जगणे हीच अपात्रता. श्रमाविषयीची ही घृणा आपल्याला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

फुटबॉलमध्ये गिरणगावच्या संघांनी हे मोडून काढले. लँकेशायरच्या कामगार खेळाडूंना पैसे द्यावेत की नाहीत यावर भांडण पेटले आणि १८८५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला पैसे घेऊन खेळणे मान्य करावे लागले. रग्बीत तडजोड झाली नाही. उत्तर इंग्लंडच्या संघांची मागणी अगदी साधी होती : खेळासाठी कामगाराची जी मजुरी बुडते तेवढी तरी भरून द्या. आमच्या भाषेत, खाड्याचे पैसे द्या. सभ्य गृहस्थांना तेही मान्य नव्हते. तेव्हा १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे जमून ते संघ वेगळे झाले आणि रग्बीचे दोन खेळ झाले. एका खाड्यावरून एक खेळ दुभंगला, ही गोष्ट आपल्या क्रीडाशिक्षणाच्या अभ्यासक्रमात ठळकपणे असावयास हवी होती.

आणि सभ्य गृहस्थांचे स्वतःचे काय होते? डब्ल्यू. जी. ग्रेस हा इंग्लंडचा थोर क्रिकेटपटू कागदोपत्री हौशी होता. पण 'खर्च' आणि 'गौरवनिधी' या नावांखाली त्याने धंदेवाईक खेळाडूंपेक्षा कितीतरी अधिक पैसा मिळविला. म्हणजे पैसा हा प्रश्न कधीच नव्हता. पैसा कोण घेतो आणि त्याला कोणते नाव देता येते, हा प्रश्न होता.

या ठिकाणी पळवणकर बाळू यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. रामचंद्र गुहा यांच्या २००२ च्या इंग्रजी ग्रंथामुळे त्यांची कहाणी नव्याने सर्वांसमोर आली. त्यांचे बंधू विठ्ठल यांनी तर 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र मराठीतच लिहून ठेवले आहे. चांभार कुटुंबातला हा मुलगा पुण्यात प्रथम पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान झाडण्याचे, खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचे काम करी. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपये मिळू लागले. तिथे साहेबांना सरावासाठी तो तासन् तास गोलंदाजी करी. फलंदाजीची संधी मात्र त्याला मिळत नसे. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज आपल्याला बाद केल्याबद्दल त्याला प्रत्येक वेळी आठ आणे देई, असे सांगतात. भारताचा पहिला थोर गोलंदाज घडला तो असा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले.

या कहाणीतून आपण बहुधा एकच गोष्ट सांगतो : सामन्यात बाळूंना चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात मिळत असे. ती सांगितलीच पाहिजे. पण दुसरीही सांगितली पाहिजे. ते चार रुपये नसते तर बाळू झाले नसते. रोजी होती म्हणून सराव होता. सराव होता म्हणून तो डावखुरा हात तयार झाला. पैशाने त्यांचा खेळ भ्रष्ट केला नाही, पैशाने तो शक्य केला. मात्र पैसे घेणारा म्हणजे नोकर, आणि नोकर कर्णधार कसा होणार, याही भिंतीवर त्यांना डोके आपटावे लागले. जात तर होतीच. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये विठ्ठल यांच्याकडे आले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. त्यांच्या राजकारणाशी आपले जमणारे नाही. पण मैदानावरच्या त्यांच्या श्रमाचा हिशोब त्यामुळे बुडवता येणार नाही.

आता दुसरे उदाहरण, थेट कॉलेजच्या फुटबॉलचे. अमेरिकेतला फुटबॉल आपल्या फुटबॉलहून वेगळा; त्यात चेंडू हातात घेऊन पळतात. पण कॉलेज आणि हौस यांचे नाते तिथे सर्वात उघडे पडले आहे. जिम थॉर्प हा तिथल्या आदिवासी, सॅक अँड फॉक्स जमातीचा मुलगा. कार्लाइल येथे आदिवासी मुलांना 'सुधारण्यासाठी', म्हणजे त्यांचे आदिवासीपण पुसून टाकण्यासाठी, काढलेल्या सरकारी शाळेत तो शिकला. बाळू इंग्लंडमध्ये होते त्याच १९११ साली, नोव्हेंबरमध्ये, थॉर्पच्या संघाने हार्वर्ड विद्यापीठाला १८-१५ असे हरविले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदके जिंकली. १९१३ मध्ये ती काढून घेण्यात आली. कारण काय, तर पूर्वी दोन उन्हाळ्यांत त्याने किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. कॉलेजची इतर पोरेही उन्हाळ्यात तसेच खेळत. पण ती खोट्या नावाने खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. ज्याला लपविण्याचे शिक्षण मिळालेले नसते तोच पकडला जातो. त्याच्या मृत्यूनंतर १९८२ मध्ये पदके परत करण्याचा निर्णय झाला; एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागायला २०२२ साल उजाडले.

त्याच देशात विद्यापीठे फुटबॉलच्या सामन्यांतून, दूरचित्रवाणीच्या हक्कांतून अब्जावधी डॉलर मिळवीत राहिली. प्रशिक्षकांना कोट्यवधी मिळत. खेळणाऱ्या पोरांना, आणि त्यांत काळ्या पोरांचे प्रमाण मोठे होते, शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्यास बंदी होती. का, तर ती विद्यार्थी आहेत, हौशी आहेत! २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थी-खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला, त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळविण्याची मोकळीक मिळाली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने कॉलेजांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट खुली झाली. शंभराहून अधिक वर्षांनी हौशीपणाचे सोंग तिथे उतरले. त्यातून बाजाराचे नवे प्रश्न निर्माण झाले आहेत आणि सारे न्याय्य झाले असे मी म्हणत नाही. पण निदान कोण कोणाच्या घामावर जगतो ते लपून राहिलेले नाही.

४

आमच्या जिल्ह्यात अब्जावधी नाहीत. आमच्याकडे जिमखाना फी आहे, सामन्यांचा प्रवासभत्ता आहे, एखाद्या संचालकाने दिलेले टी-शर्ट आहेत. पैसा थोडा, पण त्याचे वागणे तेच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या कॉलेजात होतो तिथे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी फुटबॉलचा संघ निवडायचा होता. आमच्याकडे कबड्डी, खो-खो, क्रिकेट यांची चलती. फुटबॉलला बारा-तेरा पोरे जमली तरी पुष्कळ. त्यांत एक पोरगा फारच चांगला होता. आईबाप ऊसतोडीला जाणारे. तो सुट्टीच्या दिवशी शेजारच्या जिल्ह्यातल्या खुल्या स्पर्धांत एका खासगी संघाकडून खेळे. दिवसाचे चारशे रुपये आणि जेवण मिळे. हे निवड समितीला कळले. "हा पैशासाठी खेळतो, कॉलेजसाठी नाही. उद्या कोणी पाचशे दिले तर आपल्याला सोडून जाईल," असे एक जण म्हणाले. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. नियम काढून पाहण्याची तसदीही कोणी घेतली नाही. त्याला वगळण्यात आले. त्याच संघात एक पोरगा असा होता की ज्याला खेळासाठी म्हणूनच बाहेरून आणून प्रवेश दिलेला होता. त्याची फी माफ होती, राहण्याची सोय फुकट होती, वर्गात तो मला कधी दिसला नव्हता. त्याच्याविषयी कोणी 'पैशासाठी' हा शब्द उच्चारला नाही. त्याला जे मिळत होते त्याचे नाव 'प्रोत्साहन' होते.

त्या समितीत मीही होतो. क्रीडा विभागाचा माणूस म्हणून नव्हे, सदस्यसंख्या भरण्यासाठी घेतलेला मराठीचा मास्तर म्हणून. मी काही बोललो नाही. माझी नोकरी नवी होती, हे कारण मी स्वतःला पुष्कळ वेळा दिले आहे. ते पुरत नाही. ज्याच्या आईच्या ताजव्यात कबड्डीचे किलो कमी भरले होते त्याने तरी बोलावयास हवे होते.

तो पोरगा दिवाळीनंतर मला भेटला. "सर, घरच्यांनी उचल घेतलीय. बहिणीचं लग्न झालं, आता अर्धा कोयता कमी पडतोय. मला जावं लागतंय." ज्यांना ही भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम ती उचल. उचल फिटेपर्यंत माणूस मोकळा नाही. आमच्या गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कॉलेजांच्या स्पर्धांचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकमेकांवर येतात. विद्यापीठांच्या स्पर्धांना पूर्णवेळ विद्यार्थी लागतो. अर्धा कोयता पूर्णवेळ विद्यार्थी कसा होणार? त्या हेन्लीच्या चालकांनी जे नियमात लिहून ठेवले होते, ते आमच्याकडे कोणी लिहिलेले नाही. ते वेळापत्रकात आपोआप लिहिलेले आहे.

त्या वर्षी आमचा संघ पहिल्या फेरीत हरला. त्याचे मला वाईट वाटले नाही. आमच्या पोरांपैकी चौघे साध्या कॅनव्हासच्या बुटांत आणि एक जण अनवाणी खेळला. तेव्हा एका पाहुण्याने भाषणात मोहन बागानचा दाखला दिला : १९११ मध्ये आपल्या वीरांनी अनवाणी पायांनी गोऱ्या पलटणीला हरविले! टाळ्या पडल्या. तो विजय थोरच होता. पण दुसऱ्याच्या अनवाणी पायांचे कौतुक करणे फार सोपे असते. बूट घेण्याची ऐपत असून ते न घालणे वेगळे आणि बूट नसणे वेगळे. पहिली हौस आहे. दुसरा खाडा आहे.

५

आता पुन्हा 'झुंड'कडे येतो. चित्रपटात कॉलेजचा संघ आणि वस्तीचा संघ यांचा सामना होतो आणि वस्ती जिंकते. मैदानावर अकरा विरुद्ध अकरा, एक चेंडू, एक पंच. येथे समता असल्याचा भास होतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी जो इशारा दिला होता तो या ठिकाणी आठवावा : राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य, आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र ही मूल्यसमता नाकारलेली. हा अंतर्विरोध फार काळ टिकणार नाही, असे ते म्हणाले होते. मैदान ही त्याच अंतर्विरोधाची जागा आहे. शिट्टी वाजल्यापासून शिट्टी वाजेपर्यंत सारे समान. शिट्टीच्या आधी आणि नंतर कोणीही समान नाही. खिलाडूवृत्तीच्या साऱ्या व्याख्या शिट्टीच्या आतल्या आहेत. न्यायाचा प्रश्न शिट्टीबाहेरचा आहे.

आणि येथेच या चित्रपटाचे मोठेपण मान्य केले पाहिजे. सामना जिंकल्यावर दुसरा कोणताही दिग्दर्शक थांबला असता. मंजुळे थांबत नाहीत. चित्रपटाचा उत्तरार्ध हा जवळजवळ सगळा कागदपत्रांचा आहे. रिंकू राजगुरू यांनी उभी केलेली मोनिका आणि तिचा बाप ओळखीच्या पुराव्यासाठी वणवण करतात. अंकुश गेडाम यांच्या डॉनमागे पोलिसांची नोंद लागलेली आहे. खेळायला येणे पुरत नाही. आपण आहोत हे आधी सिद्ध करावे लागते. पुष्कळांना हा भाग लांबलेला वाटला. मला तो चित्रपटाचा गाभा वाटतो. गुणवत्ता असली की भिंत ओलांडता येते ही भाबडी समजूत हा उत्तरार्ध एकेका कागदासरशी फाडून टाकतो. शेवटी विमान त्या भिंतीवरून उडते आणि भिंत ओलांडण्यास मनाई करणारी पाटी खाली तशीच राहते.

म्हणूनच पूर्वार्धातला तो क्षण मला अधिक खटकतो. जो दिग्दर्शक एका दाखल्याचे मोल जाणतो, त्याने पाचशे रुपयांचे मोल इतक्या लवकर का सोडून द्यावे? बोराडे सर निवृत्तीला आलेले. ते किती दिवस खिशातून देणार, हे मान्य. त्यांनी पैसे बंद केले यात त्यांचा दोष नाही. पण पैसे बंद होणे ही टंचाई होती. चित्रपटाने तिचे संस्कारात रूपांतर केले. पोरांनी फुकट खेळायला तयार होणे हे त्यांचे मोठेपण आहे, आणि त्यांना फुकट खेळावे लागणे ही व्यवस्थेची लबाडी आहे. ही दोन वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. चित्रपट पहिले वाक्य ठासून म्हणतो, दुसरे म्हणत नाही. आणि दुसरे वाक्य गळाले की पहिल्याचा उपयोग प्रस्थापित फार चटकन करून घेतात. आमच्या समितीने त्या पोराविरुद्ध जे वाक्य वापरले ते याच संस्कारातून आलेले होते : खरा खेळाडू पैशासाठी खेळत नाही.

कोणी म्हणेल, पैसा आला की खेळाचा आनंद जातो. ही भीती खोटी नाही. पैसा जिथे मालक होतो तिथे खेळाडू माल होतो. लिलावात उभ्या असलेल्या खेळाडूंकडे पाहून ते कोणालाही कळावे. पण खाड्याची भरपाई म्हणजे लिलाव नव्हे. माणसाला वेळ मोकळा करून देणे म्हणजे त्याला विकत घेणे नव्हे. शासनालाही हे तत्त्वतः पटलेले दिसते. 'खेलो इंडिया' योजनेत निवडलेल्या खेळाडूला महिना दहा हजार रुपये हातखर्चाला दिले जातात. म्हणजे खेळायला खर्च येतो, हे कबूल. मग तो खर्च निवडून आलेल्या मोजक्यांनाच येतो आणि निवडीपर्यंत पोहोचण्यासाठी धडपडणाऱ्याला येत नाही, असे कसे?

तेव्हा आपण, म्हणजे कॉलेजांत शिकविणारे, शिकणारे आणि चळवळीत काम करणारे, चार साध्या गोष्टी मागू या. प्रत्येक कॉलेजाने जिमखाना फी किती जमली आणि कोणावर खर्च झाली याचा हिशोब सूचनाफलकावर लावावा. मागासवर्गीय विद्यार्थ्याची फी शासनाकडून आली म्हणून तिच्यावरचा त्याचा हक्क कमी होत नाही. सामन्याचा भत्ता सामन्याआधी हातात द्यावा. सही घेऊन सहा महिन्यांनी नव्हे. सराव आणि सामने यांत ज्याचा रोज बुडतो त्याला तो भरून मिळावा, आणि त्याला 'मदत' न म्हणता खाड्याचे पैसेच म्हणावे. आणि खुल्या स्पर्धेत बक्षिसाचे किंवा रोजाचे पैसे घेतले म्हणून कोणत्याही विद्यार्थ्याला संघातून वगळू नये. यांतली एकही मागणी क्रांतिकारक नाही. इंग्लंडच्या गिरणीकामगारांनी ती १८९५ मध्ये केली होती.

त्या पोराने पदवी पुरी केली नाही. मध्यंतरी बसस्थानकावर भेटला. हंगाम संपवून आला होता. मी विचारले, खेळतोस का? म्हणाला, "कारखान्यावर कोपीपुढं पोरं खेळत्यात सर. रात्री. मोळ्या बांधून झाल्यावर." पैसे मिळतात का, असे मी विचारले नाही. रात्री, मोळ्या बांधून झाल्यावर, कोणी पाहत नसताना तो खेळतो. हौशी खेळाडूची याहून शुद्ध व्याख्या हेन्लीच्या गृहस्थांनाही करता आली नसती. पण ही शुद्धता त्याने मागितलेली नाही. ती त्याच्यावर लादलेली आहे. तिचे गुणगान करण्याचे आपण आता थांबविले पाहिजे आणि त्याला काय देणे लागतो ते मोजावयास बसले पाहिजे. मी माझ्यापासून सुरुवात करतो : माझ्याकडे त्याचा एक खाडा आहे. त्या बैठकीतला.